मनीची पेटी, सुरेखाचा आवाज

माझ्या धंद्याचं नाव आयुष्यभर कुणाला धड घेता आलं नाही. ‘वाचा-उपचारतज्ज्ञ’ अशी पाटी मी हौसेनं रंगवून घेतली होती. नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या रिक्षावाल्यांनी तिचं ‘बोलायच्या बाईंचा दवाखाना’ करून टाकलं आणि तेच टिकलं. माझ्या नवऱ्याला मात्र ते नाव फार आवडायचं. ‘बोलायच्या बाई, आता जरा जेवायचं बघा,’ असं तो म्हणायचा. म्हणू दे. मी बोलते खूप, हे मला मान्यच आहे.

लोकांना वाटायचं, बाई जिभेवर काहीतरी करणार आणि पोर भडाभडा बोलायला लागणार. येताना ते सगळं करून आलेले असायचे. वेखंड मधात उगाळून चाटवलेलं असायचं, पोपटानं चोच मारलेला पेरू खाऊ घातलेला असायचा. जिभेखालची दोरी कापून आणलेली दोनचार पोरं तरी महिन्याला यायची, आणि दोरीचा बिचारीचा काही संबंध नसायचा. मग मी समोर बसवून सांगायची, की बोलणं जिभेवर नसतं हो, ते आधी डोक्यात असतं. डोक्यात आहे आणि बाहेर येत नाही, अशी माणसं पुष्कळ असतात. त्यांना बाहेर यायला दुसरा दरवाजा करून द्यायचा, एवढंच माझं काम. तो दरवाजा म्हणजे कधी चित्रांचा फळा, कधी अक्षरांचा तक्ता, कधी नुसती ‘हो’साठी वर आणि ‘नाही’साठी खाली जाणारी नजर.

यावर हमखास उत्तर यायचं, "मॅडम, फळा दिला तर पोर बोलायचा आळस करेल ना?" अहो, आळस करायला आधी बोलता यायला नको का! पण असं तोंडावर बोलून चालायचं नाही. मी चहा मागवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

देवळाली कॅम्पात तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. राहिला एकच शब्द, ‘फायर’. चहा हवा, तर फायर. पंखा लाव, तर फायर. नातू पायात घुटमळला, तरी फायर. सुभेदारीणबाई एकदम ठसकेबाज. मला म्हणाल्या, "सकाळचं फायर वेगळं, दुपारचं वेगळं. मला सगळी कळतात." आणि खरंच कळायची. सुभेदारांसाठी मी छानसा चित्रांचा फळा करून दिला, तर पुढच्या वेळी तो गादीखाली! का, म्हणून विचारलं, तर बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "जन्मभर हा माणूस नकाशात नाहीतर पेपरात बघून माझ्याशी बोलला. आजारी पडल्यापासून माझ्या तोंडाकडे बघतो. आता तुम्ही परत त्याच्यासमोर फळा धरलात!"

मला हसावं की रडावं कळेना. मग मी तो फळा त्यांनाच धरायला लावला, अगदी हनुवटीखाली. म्हणजे चित्राकडे बघताना बायकोचा चेहरा सुटत नाही. ही युक्ती मला कुठल्या पुस्तकानं शिकवली नव्हती, ती त्या बाईंच्या रुसव्यानं शिकवली. पुढे मी सगळ्यांना तसंच धरायला सांगू लागले.

पण मला लिहायचंय ते मनीबद्दल.

मनी, म्हणजे मनीषा, नामपूरची. वडील नथूभाऊ तिथल्या कांदा मार्केटात मापारी. लिलाव झाला, की व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांद्याचं वजन करायचं काम. आई कमळबाई. थोरली सुरेखा तेव्हा दहावी होऊन वर्षभर घरी असलेली आणि धाकटी मनी दहाएक वर्षांची. जन्मताना बाळाला श्वास घ्यायला वेळ लागला आणि मेंदूच्या काही भागाला इजा झाली. हातपाय स्वतःच्या मर्जीनं हलायचे, मनीच्या नाही. मान डुलायची, तोंडातून आवाज निघायचा, शब्द नाही. गावात सरळ ‘येडी’ म्हणायचे.

पहिल्या दिवशी चौघंही एसटीनं आले होते. सीबीएस स्टँडपासून नथूभाऊंनी मनीला खांद्यावर आणलेलं. मी विचारलं, मनीला काय आवडतं? सुरेखानं सांगितलं. मनी किती वाजता उठते? सुरेखानं सांगितलं. मनी कुणावर रागावते? तेही सुरेखानंच. मी म्हटलं, "बाळा, तू फार गुणाची आहेस, आता जरा तोंडावर बोट ठेव." मग मनीसमोर खुर्ची ओढून बसले. "मनीषा, ही तुझी आई का गं?" नजर वर गेली. "हे तुझे बाबा?" नजर वर. "आणि मी तुझी सासू का?"

पोरगी अशी खिदळली, की खुर्चीवरून घसरायला लागली. नथूभाऊंनी तिला धरलं आणि माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना कुणीतरी लिहून दिलं होतं, की हिला काही समजत नाही. थट्टा समजते, त्या माणसाला सगळं समजतं, हा माझा अनुभव. नथूभाऊ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्या सुमाराला आमच्याकडे एक नवीन वस्तू आली होती. सातपूरच्या एका कारखान्यातले दाते नावाचे इंजिनिअर, डोकं भारी आणि बोलणं मोजकं. परदेशातली बोलणारी यंत्रं आम्हाला कुठली परवडायला! दात्यांनी बोलक्या खेळण्यात असते तशी चिप आणली आणि लाकडी पेटीत आठ मोठाली बटणं बसवली. प्रत्येक बटणावर एक चित्र. बटणासमोर काही सेकंद बोलून ठेवायचं, मग बटण दाबलं, की तेच वाक्य ऐकू येतं. नवीन बोललं, की जुनं पुसलं जातं. बटणं एवढी मोठी, की मनीच्या भिरभिरत्या मुठीचासुद्धा नेम लागेल.

आता त्यात बोलणार कोण? मी बोलले. दुसरं कोण बोलणार! ‘मला पाणी हवं आहे’, ‘मला भूक लागली आहे’, सगळं एकदम शुद्ध आणि स्वच्छ. मनीनं एकदा बटण दाबलं आणि कमळबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "हाई ते मास्तरीन बोली ऱ्हायनी!" नामपूरकडे घराघरात अहिराणी बोलतात, त्यांच्या कानाला माझं बोलणं शाळेतलं लागणारच. मनी काही हसली नाही. तिनं मूठ मागे घेतली आणि पुन्हा बटणाला हात लावेना.

तेव्हा ठरलं, की आवाज घरातला पाहिजे, मुलीचा पाहिजे आणि बोली तिचीच पाहिजे. सुरेखा पेटीपुढे बसली. "माले पानी जोयजे," म्हणाली. मनीनं मूठ आपटली, पेटी बोलली, "माले पानी जोयजे," आणि मनीच्या तोंडावर जे काही आलं, ते मी आयुष्यभर जपून ठेवलंय. त्या दिवशी ती इतकं पाणी प्यायली, की कमळबाईंच्या नाकी नऊ आले.

आजकाल मोबाइलमध्ये बोलणारी अॅप्स आहेत. शेकडो चित्रं, बोट लावलं की वाक्य तयार. चांगलं आहे, मी नावं ठेवत नाही. पण नागपूरच्या पोराचा आणि नाशिकच्या पोरीचा आवाज एकच, बातम्या देणाऱ्या बाईचा. ती पेटी खरखरायची, तिचे सेल संपायचे, आणि तरी मला त्या पेट्यांची आठवण येते, कारण प्रत्येक पेटीत कुणाचं तरी घर बोलायचं. ऐकावंसं वाटतं अजून. कुठून ऐकणार?

असो. पाणी, भूक, संडास, दुखतंय, हो, नाही, आणि ‘माय, आठे ये’, म्हणजे आई, इकडे ये, अशी सात बटणं भरली. आठवं मनीला विचारून भरायचं होतं. हा आमचा नियमच होता, की एक बटण मालकाच्या मर्जीचं. सुरेखा एकेक सुचवत गेली, मनीची नजर खालीच. खाऊ नको, खेळ नको, टीव्ही नको. शेवटी सुरेखा वैतागून म्हणाली, "आते गप बस!" तशी मनीची नजर भर्रकन वर! मी विचारलं, "हे हवंय? गप बस?" वर. "कुणाला म्हणायचंय?" तिनं आई, बाप, बहीण आणि मी अशा सगळ्यांवरून नजर फिरवली. नथूभाऊ म्हणाले, "मॅडम, हाई पोर आपलाच कान पकडनार!" पण मिशीत हसत होते. आठवं बटण तेच झालं.

वर्षभर छान चाललं. महिन्याकाठी सुरेखा मनीला घेऊन यायची. मनी अक्षरं ओळखायला लागली होती. मग एकाएकी येणं बंद झालं. मी पत्र टाकलं, उत्तर नाही. दोन महिने वाट पाहिली आणि एका सकाळी सटाण्याच्या एसटीत बसले.

नामपूरला नथूभाऊ मार्केटातच भेटले. ट्रॅक्टरच्या रांगा लागलेल्या, कांद्याची धूळ नाकातोंडात. त्यांनी मला एका गाळ्याच्या सावलीला बसवलं आणि चहा सांगितला. मग म्हणाले, "मॅडम, पेटी तुमी दिली. आता जावई बी तुमीच शोधा."

मग कळलं ते असं. सुरेखाला बघायला पाहुणे आले होते. आमच्याकडे काय रीत, तुम्हाला माहीत आहेच. मुलीनं खाली मान घालून बसायचं, विचारलं तेवढंच बोलायचं, आणि घरात असं एखादं मूल असेल, तर ते पाहुण्यांच्या नजरेला पडू द्यायचं नाही. मनीला मागच्या खोलीत शेजारणीपाशी ठेवलं होतं. पेटी काढून घेतली तर पोर किंचाळेल, म्हणून पेटी तिच्याजवळच ठेवली. इथेच गफलत झाली. पोरीला लपवलं, पण तिचा आवाज कसा लपणार? आणि आवाज कुणाचा, तर सुरेखाचा!

पोहे झाले. मुलाच्या आत्यानं विचारलं, "नाव काय बेटा?" सुरेखा तोंड उघडणार, एवढ्यात आतून तिचाच आवाज आला, "माय, आठे ये!" पाहुणे समोरच्या मुलीकडे बघतात, ओठ हललेले नाहीत. कमळबाई उठू की नको अशा अवघडलेल्या. पुन्हा आतून, "संडास!" आत्याबाई जरा सावरून म्हणाल्या, "पोरगी शांत दिसते, जास्त बोलत नाही, हे बरं." आणि आतून सुरेखाच्या आवाजात, स्वच्छ, खणखणीत, "गप बस!"

हे ऐकताना मला हसू आवरेना. नथूभाऊ हसले नाहीत आणि माझंही हसू तिथेच विरलं. पुढे काय झालं असेल, ते सांगायला नको. पाहुण्यांनी आतली खोली बघितली. ‘घरात असं आहे, म्हणजे रक्तातच असणार,’ असं पाठीमागे बोलून गेले. रक्तात काही नव्हतं हो, मी लिहून दिलं असतं, पण मला विचारतंय कोण? संध्याकाळी नथूभाऊंनी पेटीतले सेल काढले आणि पेटी माळ्यावर टाकली.

"एकीले बोलती करता करता दुसरीचं नशीब फुटलं," ते म्हणाले. "माले दोन पोरी. मी कोनाकडे पाहू?"

माणूस दुष्ट नव्हता. खांद्यावर पोर घेऊन फिरलेला बाप होता. मी म्हटलं, "मनीला बघून जाते फक्त."

घरात मनी गोधडीवर बसली होती, पाठीला गव्हाचं पोतं. मला बघून ओरडली, हसली, आणि मग समोरच्या फरशीवर मूठ आपटायला लागली. मला वाटलं, आनंदानं. इतक्यात चुलीपाशी बसलेली सुरेखा उठली आणि तिनं मनीला पाणी पाजलं. मी विचारलं, "तुला कसं कळलं गं?" सुरेखा म्हणाली, "पाण्याचं बटण तिथंच होतं ना, वरच्या कोपऱ्यात." मी पुन्हा बघितलं. मनीची मूठ आता खाली, डाव्या बाजूला आपटत होती. ‘माय, आठे ये.’ पण कमळबाई पाठमोऱ्या भाकरी थापत होत्या, त्यांना दिसणार कसं? पेटी नव्हती, आवाज नव्हता, तरी पोरगी रिकाम्या फरशीवर त्या त्या जागी बोलतच होती. तिच्या मुठीला घट्टा पडला होता.

नथूभाऊ माझ्या मागे उंबऱ्यात उभे होते. त्यांना हे माहीत नव्हतं. "हाई कितला दिवसपासून?" त्यांनी विचारलं. सुरेखा म्हणाली, "पेटी टाकली तव्हयपासून." मनीनं बापाकडे बघितलं आणि उजव्या कोपऱ्यात मूठ आपटली. ती जागा ‘दुखतंय’ची होती. मला ती माहीत होती आणि सुरेखाला. नथूभाऊंना माहीत नव्हती, त्यांनी सुरेखाकडे बघितलं, आणि तिनं सांगितलं.

ते शिडी लावून माळ्यावर चढले. सेल मात्र घरात नव्हते, ते आणायला स्वतःच दुकानात गेले.

त्याच दिवशी सुरेखानं बापाला तोंडावर सांगितलं, की यापुढे पाहुणे आले, तर मनी बाहेरच्या खोलीत बसेल, पेटी घेऊन. नथूभाऊ म्हणाले, "मंग तू घरमाच ऱ्हाशी." ती म्हणाली, "ऱ्हासू." एवढंच. जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची पोर, पण मी तिच्याकडे बघून मनातल्या मनात हात जोडले.

आणि खरंच बरीच वर्षं राहिली. पाहुणे यायचे, मनीकडे बघायचे, चहा पिऊन जायचे. सुरेखाच्या बरोबरीच्या मुलींना पोरंबाळं झाली. कमळबाई मला फोनवर सांगायच्या. मी कुणाचं भलं केलं आणि कुणाचं काढून घेतलं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

शेवटी सुरतेहून एक स्थळ आलं. मूळचे आपल्याच भागातले, मुलगा कापडाच्या गिरणीत. बोलणी चाललेली असताना मुलाचे काका एकसारखे आपल्या घराची बढाई मारत होते, आणि मनीनं नेमकं आठवं बटण दाबलं. मुलगा खो खो हसला. काकांना म्हणाला, "काका, घरात सगळ्यांच्या मनात होतं, ही बोलून मोकळी झाली." लग्न ठरलं.

हळदीच्या आधी सुरेखा मनीला घेऊन नाशिकला आली. दोघीच. दात्यांनी तोवर पुष्कळ बटणांची नवी पेटी केली होती. सुरेखाला जाण्याआधी ती भरायची होती. आपल्यानंतर मनीला जे जे म्हणायला लागेल, ते सगळं तिनं म्हणून ठेवायचं होतं. आम्ही खिडक्या लावून घेतल्या, बाहेर मोटारींचा आवाज नको म्हणून, आणि उकडत बसलो. ‘पोट दुखतंय.’ ‘पाळी आली.’ ‘हा गाऊन नको.’ ‘डॉक्टरला खरं सांगा.’ ‘माले बाजारमा ली चला.’ ‘बाबा, आरडू नका.’ एकेक वाक्य बोलायचं, मनीला ऐकवायचं, तिची नजर वर गेली, की पुढचं. मध्येच दोघी हसायच्या, मध्येच भांडायच्या. सुरेखानं ‘मी शहाणी आहे’ असं भरलं, तर मनीनं ‘नाही’ म्हणून ते पुसायला लावलं. एका बहिणीनं दुसरीचं सगळं पुढचं आयुष्य बोलून ठेवलं, असं म्हटलं तरी चालेल.

एक बटण उरलं. मालकाच्या मर्जीचं.

"काय भरू?" सुरेखानं विचारलं. खायचं काही? नाही. जायचं कुठे? नाही. मी विचारलं, "माणूस आहे का?" नजर वर. आई तर आहे. बाबा आहेत. मामा? नाही. शेजारची? नाही. मनी सुरेखाकडे बघत होती, टक लावून.

"मी?" सुरेखा म्हणाली. "मी ते..." आणि थांबली.

इतक्या वर्षांत त्या पेटीत ‘ताई’ नव्हतीच. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. लक्षात यायचं कारणही नव्हतं, कारण कुठलंही बटण दाबलं तरी धावून यायची ती ताईच. आणि आपल्याच आवाजात आपल्यालाच हाक कोण मारून ठेवतं?

सुरेखा तिच्यासमोर खाली बसली. आपल्या बोलीत तिला म्हणाली, की वेडे, मी घरात नसणार, सुरतेला असणार, मला ऐकूही येणार नाही. मग हाक मारून काय करशील? मनीनं नजर वर केली. वर, म्हणजे हो, हवंय. मी मध्ये पडले. म्हटलं, "मनी, मी बोलू का हे? माझ्या आवाजात?" नजर खाली. ‘आईला सांगू या?’ खाली. तिला ताईला ताईच्याच आवाजात हाक मारायची होती. मनीला दुसरा आवाज होताच कुठे!

सुरेखानं पेटी पुढे ओढली. पहिल्यांदा तिला हसू आलं. दुसऱ्यांदा पेटीत नुसता हुंदका गेला. मी पाणी दिलं, पदरानं तिचं तोंड पुसलं. माझेही डोळे वाहत होते, लपवून काय करायचंय? तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "ताई, आठे ये."

मनीनं लगेच मूठ आपटली. "ताई, आठे ये." सुरेखा समोरच होती, तरी तिच्या तोंडून निघून गेलं, "काय वं?"

पुढच्या उन्हाळ्यात आखाजीला, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला, कमळबाईंनी मला हट्टानं नामपूरला बोलावलं. त्या भागात आखाजी म्हणजे दिवाळीच्या वरचढ. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. मी पोचले, तेव्हा गल्लीत झोके चालू होते. कमळबाईंनी खापरावर मांडे केले होते, आमरस केला होता. सुरेखा मात्र नव्हती. सकाळीच शेजारच्या एसटीडी बूथवर फोन आला होता. सासू आजारी, या आखाजीला जमत नाही.

आणि मनी ऐकत नव्हती. बाहेर एकेकीच्या बहिणी येत होत्या, त्यांचं हसणं घरात ऐकू येत होतं, आणि मनी ते शेवटचं बटण दाबत होती. "ताई, आठे ये." थोडा वेळ थांबायची, दाराकडे बघायची, पुन्हा दाबायची. सुरेखाचाच आवाज घरभर सुरेखाला बोलावत होता. आम्ही जेवायला बसलो.

नथूभाऊ माझ्या शेजारच्या पाटावर जेवत होते. पहिल्यांदा हाक आली तेव्हा ते उठले, दारात गेले, बसस्टँडच्या रस्त्याकडे बघून आले. मला वाटलं, कुणी आलंय. दुसऱ्यांदाही तेच. तेव्हा मला कळलं. फोन स्वतः त्यांनीच घेतला होता, पेटी कशी बोलते हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं, तरी लेकीचा आवाज कानावर आला, की त्यांना बसवत नव्हतं.

कमळबाई माझ्या पानात आमरस वाढता वाढता हळूच म्हणाल्या, "मॅडम, ते एक बटन बंद करता येईल का हो? त्यांना सहन होत नाही."

करता येत होतं. मागची एक वायर सोडवली, की झालं. मी नथूभाऊंकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं.

"नको," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. बलावू दे तिले."

मनीनं मूठ आपटली. "ताई, आठे ये." नथूभाऊंनी उष्टा हात तसाच ठेवून पाट सरकवला आणि दाराशी जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले.